वेई मिंग चालू लागला

मंगळवार, १६ ऑगस्ट २०१६. संध्याकाळी सव्वासात वाजता सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातल्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अनुया टिपणीस हिने वरणात चमचा बुडवला आणि तो तसाच ठेवून सांगितलं, की विद्यापीठाचा बेसबॉलचा संघ महिनाअखेर बंद होणार आहे.

अनुया त्या संघाची कर्णधार होती. संघ मुलामुलींचा मिळून होता, एकूण चौदा जणांचा, आणि त्यातले दोघे सहा महिन्यांसाठी स्वीडनला शिकायला गेले होते. बंद होण्याचं कारण साधं होतं. मैदान एक आणि ते मागणारे अनेक. गुरुवारची संध्याकाळ बेसबॉलकडे होती आणि तीच संध्याकाळ आता फ्रिस्बीवाल्यांना हवी होती. फ्रिस्बी म्हणजे प्लास्टिकची बशी एकमेकांकडे फेकण्याचा खेळ. तो खेळणारे ऐंशीच्या वर होते. क्रीडा कार्यालयाच्या मिस गोह यांनी त्यावर तोडगा काढला होता. दोन्ही संघांनी आपापला इतिहास लिहून द्यावा: संघ कुणी उभा केला, कशासाठी केला, कोणती मूल्यं जपली. ज्याची परंपरा भक्कम, त्याला गुरुवार. मैदान गेलं की संघ गेलाच, कारण बेसबॉल कॉरिडॉरमध्ये खेळता येत नाही. एकदा तसा प्रयत्न झाला होता. त्याबद्दल अनुयाने अधिक बोलायचं टाळलं.

"शेवटचं वर्ष आहे माझं," ती म्हणाली. "माझ्या हातून बंद पडणार. लॅब आहे, प्रोजेक्ट आहे, त्यात हिस्ट्री कधी लिहू?"

"मी लिहितो," रवींद्र टिपणीस म्हणाले.

त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या पत्नी प्रणिता यांनी ही गोष्ट पुढे अनेकदा निदर्शनास आणून दिली.

टिपणीस जुरोंग ईस्टला एका विमा कंपनीत अंतर्गत तपासनीस होते. इतरांच्या कामातल्या चुका शोधण्याचा त्यांना पगार मिळे आणि चुका शोधण्यात ते सुट्टीच्या दिवशीही खंड पाडत नसत. त्यांच्या धंद्यातला एक नियम त्यांनी घरालाही लावला होता: एकाने सांगितलं तर ती अफवा, दोघांनी सांगितलं तर माहिती, तिघांनी सांगितलं तर वस्तुस्थिती. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाची स्मरणिका त्यांनी सलग तीन वर्षं संपादित केली होती. त्यातल्या एका वर्षी त्यांनी अध्यक्षांचं मनोगत तपासून, म्हणजे निम्मं करून छापलं. ते अध्यक्ष याच इमारतीत राहत आणि आजही टिपणीस लिफ्टमध्ये असले की जिन्याने जात.

बेसबॉलबद्दल त्यांना काही माहिती नव्हती. ती अडचण त्यांना वाटली नाही. जहाजाच्या विम्याचे कागद तपासायला त्यांनी कधी जहाज चालवलं नव्हतं.

त्या रात्री त्यांनी अनुयाकडून खेळाची तोंडओळख करून घेतली. ती मुलगी दमलेली होती, तरी तिने टेबलावर चार बेस म्हणून चार वाट्या मांडून धावणारा कुठून कुठे जातो ते दाखवलं. टिपणीस शंका विचारत गेले. खेळाडू पुढचा टप्पा गुपचूप गाठतो त्याला 'चोरणं' म्हणतात, हे ऐकून ते गंभीर झाले. सिंगापूरमध्ये सरकारी कार्यालयाला द्यायच्या मजकुरात संघाच्या संस्थापकांनी वर्षभरात एकोणीस चोऱ्या केल्या असं लिहिणं त्यांना धोक्याचं वाटलं. तिथे 'प्रसंगावधान राखून मिळवले' असा शब्दप्रयोग करायचं त्यांनी ठरवलं. दुसऱ्याला पुढे सरकता यावं म्हणून स्वतः बाद होण्याला 'बलिदान' म्हणतात, हे कळल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"स्ट्राइक म्हणजे संप नव्हे ना?"

"नाही, बाबा."

"नाही, विचारून घेतलेलं बरं."

जे शब्द त्यांना ठाऊक नव्हते ते त्यांनी असे एकेक करून विचारले.

पुढच्या रविवारी टिपणीस सेरंगूनच्या मॉलमध्ये केल्विन लिम याला भेटले. केल्विन हा संघाचा पहिला कर्णधार. २००६ साली त्याने सात मित्र, दोन चुलतभाऊ आणि खेळणाऱ्यांपैकी एकाची नाखूश मैत्रीण गोळा करून संघ उभा केला होता. आता तो एसी बसवण्याच्या व्यवसायात होता, अंगाने भरला होता, आणि दहा वर्षांत त्याला या विषयावर कुणीही काही विचारलेलं नव्हतं. तो दोन तास बोलला. फूड कोर्टच्या गोंगाटात टिपणीस ऐकत होते. पहिली बॅट कुणाच्या काकांची होती, पहिल्या वर्षी ते किती सामने हरले, सरावाला मैदान नव्हतं तेव्हा पार्किंगच्या गच्चीवर कसे खेळले, सगळं त्याने सांगितलं. मग तो २००८च्या अंतिम सामन्यावर आला आणि त्याचा आवाज खाली गेला.

"लास्ट इनिंग," केल्विन म्हणाला. "स्कोअर सेम-सेम. बेस सगळे फुल. वेई मिंग बॅटिंगला. आमचा सगळ्यात लहान प्लेयर, अंकल, पाय थरथरत होते त्याचे. आणि मग तो वॉक्ड."

"वॉक्ड?"

"वॉक्ड, अंकल. जस्ट लाइक दॅट. बॅट खाली ठेवली आणि चालायला लागला. आम्ही सगळे रडलो."

हा शब्द टिपणीसांना ठाऊक होता.

क्रिकेट माहीत असलेल्या कुणालाही तो ठाऊक असतो. चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात जातो, पंचाला काही ऐकू येत नाही, बोट वर होत नाही. फलंदाजाला मात्र कळलेलं असतं. अशा वेळी जो पंचाकडे न बघता बॅट काखेत मारून तंबूकडे निघतो, तो चालतो. असे फलंदाज फार नसतात. टिपणीस शाळेत असताना एकदा स्वतः चालले होते आणि त्याबद्दल त्यांच्याच कर्णधाराने त्यांना पुढच्या सामन्यातून वगळलं होतं. आणि इथे हा विशीतला पोरगा, अंतिम सामन्याची शेवटची घटका, धावा समसमान, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर, आणि तो चालला.

"मग पुढे?" त्यांनी हळूच विचारलं.

"मग काय, फिनिश. गेम ओव्हर."

कोण जिंकलं हे टिपणीसांनी विचारलं नाही. ज्या घरात माणूस गेलाय तिथे जाऊन कसं झालं असं विचारण्यातला तो प्रकार त्यांना वाटला. त्यांनी केल्विनच्या दंडावर हात ठेवला. केल्विनला ते जरा चमत्कारिक वाटलं असावं.

नियमाप्रमाणे त्यांनी आणखी दोघांकडून खातरजमा करून घेतली. एक तेव्हाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जो आता शाळेत शिकवत होता. दुसरी ती नाखूश मैत्रीण, जिने पुढे त्यातल्याच एका चुलतभावाशी लग्न केलं होतं. वेई मिंग तेव्हा खरंच चालला का, असं टिपणीसांनी दोघांनाही फोनवर विचारलं. दोघांनीही तोच शब्द वापरून हो म्हटलं. ती तर म्हणाली की असं दृश्य तिने पुन्हा पाहिलं नाही. तीन साक्षी झाल्या. वस्तुस्थिती सिद्ध झाली.

नवव्या मजल्यावरचा शैलेंद्र सॉफ्टवेअरमध्ये होता आणि शनिवारी सकाळी कंपन्यांच्या सामन्यांत पंचगिरी करायचा. टिपणीस इतिहास लिहीत आहेत हे कळल्यापासून तो रोज काहीतरी सुचवायला खाली येत होता. बेसबॉल म्हणजे ज्यांना चेंडूचा टप्पा झेपत नाही त्यांनी काढलेलं क्रिकेट, असं त्याचं मत होतं आणि हे पहिल्या परिच्छेदात यावं असा त्याचा आग्रह. पण वेई मिंगची हकीकत ऐकल्यावर तो हातातला चहा तसाच धरून बसला.

"फायनलला?" त्याने विचारलं.

"फायनलला."

"शेवटच्या इनिंगमध्ये?"

"सगळे बेस भरलेले असताना."

"रवीदादा," शैलेंद्र म्हणाला, "आपल्याकडे किती जणांनी केलं असतं?"

दोघे माना खाली घालून बसले. प्रणिता आतून येऊन विचारून गेल्या की कुणाचं काही बरंवाईट झालं का. मग शैलेंद्रने सल्ला दिला, की बाकीचं सगळं, काकांची बॅट नि पार्किंगची गच्ची वगैरे, पहिल्या परिच्छेदात उरकायचं आणि सगळा इतिहास या एका चालण्याभोवती बांधायचा. टिपणीसांनी तसंच केलं. मथळा इंग्रजीत होता, त्याचा अर्थ 'आणि तो चालू लागला'. पंचाने बाद दिलेलं नसताना, जिंकणं हाताच्या अंतरावर असताना, वेई मिंग टॅन या तरुणाने सत्याची बाजू घेतली आणि चषकाकडे पाठ फिरवली. त्या दिवसापासून हा संघ हरला किती आणि जिंकला किती याची मोजदाद करत नाही, असा शेवट होता. यातलं शेवटचं वाक्य योगायोगाने खरं होतं.

मजकूर द्यायच्या दिवशी चार वाजता त्यांनी तो अनुयाला पाठवला. ती एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत होती. पहिल्या परिच्छेदापर्यंत तिने वाचलं. तिथपर्यंत काकांची बॅटच होती. चोऱ्यांच्या जागी प्रसंगावधान कशाला, एवढंच तिने विचारलं आणि पुढे सिंगापुरी इंग्रजीत लिहिलं: ओके लाह बाबा, सेंड. थँक यू. हे शेवटचे दोन शब्द टिपणीसांनी प्रणितांना नेऊन दाखवले.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल आला. बेसबॉलला गुरुवार मिळाला होता, वर्षभरासाठी. मिस गोह यांनी अनुयाला फोन करून सांगितलं की क्रीडा संचालकांनी तो मजकूर दोनदा वाचला. फ्रिस्बीवाल्यांनी परंपरा म्हणून सभासदसंख्येचा आलेख जोडला होता.

त्या आठवड्यात टिपणीस सरळ पाठीने चालत होते. मंडळाने त्यांना 'परदेशातील एक मूल्यसंघर्ष' या विषयावर वीस मिनिटं बोलायला बोलावलं. माजी अध्यक्ष त्या दिवशी लिफ्टने आले. अनुयाने आईदेखत बाबाला मिठी मारली, जे ती शाळा सुटल्यापासून करत नव्हती. आणि मग संचालकांना वाटलं की ही गोष्ट फक्त फायलीत राहू नये. नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतसमारंभात ती सांगावी, क्रीडासंकुलाच्या दारात तिचा फलक लावावा, आणि फलकाच्या अनावरणाला स्वतः वेई मिंग यांना बोलवावं. वेई मिंग टॅन आता ब्रिस्बेनला दातांचे डॉक्टर होते. त्यांनी येतो म्हणून कळवलं. कशासाठी बोलावलंय हे त्यांना 'आपल्या खेळातील योगदानाबद्दल' इतकंच सांगण्यात आलं होतं.

इतिहास लिहून झाल्यावर, २२ सप्टेंबरच्या गुरुवारी, टिपणीस पहिल्यांदा बेसबॉल बघायला गेले.

संघाने स्वतःचे दोन भाग करून सामना लावला होता. टिपणीस बाकावर बसले. मैदानाच्या पलीकडे काही बशीवाले जाळीला टेकून बघत होते, त्यांच्याकडे त्यांनी सहानुभूतीने पाहिलं. अनुया बॅटिंगला आली. चेंडू आला, तिने बॅट हलवली नाही. दुसरा आला, तो फारच बाहेर. तिसरा जमिनीला लागला. चौथाही बाहेर गेला. अनुयाने बॅट खाली ठेवली आणि ती निवांतपणे पहिल्या बेसकडे निघाली.

टिपणीस उठून उभे राहिले. आउट नाहीयेस तू, कुठे चाललीस, असं त्यांनी मराठीत ओरडून विचारलं. मैदानावरचे सगळे वळून बघू लागले. अनुयाने मान खाली घातली. बाकाच्या टोकाला बसलेल्या एका खेळाडूने त्यांना नम्रपणे समजावलं.

"शी वॉक्ड, अंकल. चार बॉल बाहेर पडले की फ्री मिळतं. चालत जायचं."

"चालत जायचं," टिपणीस म्हणाले.

"हो. आणि बेस सगळे फुल असले ना, तर पुढचे सगळे एकेक सरकतात. रन फुकट."

टिपणीस बसले. काही वेळाने त्यांनी केल्विनला फोन लावला आणि जो प्रश्न सेरंगूनला विचारायला हवा होता तो विचारला. केल्विन एका गिऱ्हाइकाच्या छताला लटकलेला होता. तो म्हणाला, "वी लाह, अंकल. वेई मिंग वॉक्ड, सो वी विन. त्यांच्या पिचरला प्रेशर झेपलं नाही. वेई मिंगने बॅट हलवलीच नाही, भीतीने. आम्ही हसून हसून रडलो."

घरी जाताना टिपणीस एमआरटीत चोआ चू कांगच्या पुढे दोन स्टेशनं गेले.

शैलेंद्रचा सल्ला तयार होता. काही करायचं नाही. चाललाय ना तो? चाललाय. मजकुरात चुकीचं एकही क्रियापद नाही. फारतर खाली बारीक अक्षरात एक टीप द्यावी, की वॉक या संज्ञेच्या अर्थच्छटा खेळागणिक बदलतात. टिपणीसांना ही टीप एक रात्र पसंतही पडली. आयुष्यभर त्यांनी असल्या टिपांवर लाल शेरे मारले होते. आज पहिल्यांदाच त्यांना कळलं की त्या कोण लिहितं आणि कोणत्या मनःस्थितीत.

"अहो, त्या शैलेंद्रला काय विचारताय," प्रणिता म्हणाल्या. "जिचा संघ आहे तिला सांगा."

त्यांनी शुक्रवारी सकाळी सांगितलं. अनुया तेव्हा बुटाची नाडी बांधत होती. तिने पूर्ण ऐकलं. मग फोनवर तो मजकूर काढला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. वाचताना एकदा तिच्या ओठांचे कोपरे हलले, म्हणून टिपणीसांना आशा वाटली.

"चषकाकडे पाठ फिरवली," तिने मोठ्याने वाचलं. "बाबा, चषक जिंकला त्यांनी. केल्विनच्या आईकडे आहे तो. त्यात ती कांदे ठेवते."

"तिघांनी सांगितलं मला."

"तिघांना तू एकच विचारलंस. मला एकदा विचारलं असतंस तर? चोरी विचारलीस, संप विचारलास."

"तो शब्द मला येत होता."

अनुयाने पिशवी उचलली आणि ती निघाली. दुसरी नाडी तिने लिफ्टमध्ये बांधली असावी.

त्या संध्याकाळी चौदापैकी हजर असलेल्या बाराजणांनी कॅन्टीनमध्ये बसून विषय चर्चेला घेतला. स्वीडनमधले दोघे फोनवर होते. जे ठरलं ते प्रणितांमार्फत टिपणीसांना कळलं. काहींचं म्हणणं होतं की गप्प राहावं. इतका चांगला इतिहास पुन्हा मिळणार नाही. पण त्यात एक पेच होता आणि तो प्रत्येकाला दिसत होता. प्रामाणिक आहेत म्हणून या संघाला मैदान मिळालं होतं. खरं सांगितलं तर मैदान जाणार आणि न सांगितलं तर ते ज्यासाठी मिळालं ते खोटं ठरणार. अखेर मतदान न घेताच अनुयाने चार ओळींची मेल लिहिली. चूक संघाची आहे, मजकूर मी शेवटपर्यंत वाचला नव्हता, सामना आम्ही जिंकलो होतो, क्षमस्व. बाबाचं नाव त्यात नव्हतं. टिपणीसांना ते लागलं. चूक त्यांची होती आणि ती त्यांच्या नावावर जमा व्हायला हवी होती. त्यांनी मिस गोह यांना स्वतंत्र मेल लिहिली, तीन पानांची. त्यात 'चालणे' या क्रियेचा दोन्ही खेळांतला तौलनिक विचार होता. तिला उत्तर आलं नाही.

अनुयाच्या मेलला आलं. मिस गोह यांनी लिहिलं होतं की मेल पोचली, संचालक रजेवर आहेत, फलक तयार होऊन आलेला आहे, आणि गुरुवारच्या मैदानाचा प्रश्न समिती नव्याने पाहील. डॉक्टर वेई मिंग यांना कोण कळवणार, असंही खाली विचारलं होतं. केल्विनने कळवलं. वेई मिंग यांचं म्हणणं असं पडलं की आपण एवढे थोर होतो हे त्यांच्याही लक्षात नव्हतं, पण क्रीडा कार्यालयाने मजकूर त्यांच्या सिंगापुरातल्या, ईशूनच्या घरी पाठवला होता आणि आईने तो सगळ्या नातेवाइकांना वाचून दाखवलाय. तिकीट काढून झालंय. ते येणार आहेत, मग अनावरण असो की नसो.

समितीची बैठक दोनदा पुढे ढकलली गेली. फलक क्रीडा कार्यालयात खाकी कागदात गुंडाळून भिंतीकडे तोंड करून ठेवलेला आहे. मैदानाच्या तक्त्यावर गुरुवारसमोरची जागा कोरी आहे. कोरी असल्यामुळे गेल्या गुरुवारी दोन्ही संघ आले. फ्रिस्बीची कर्णधार आणि अनुया मैदानाच्या मधोमध उभ्या राहून बोलत होत्या, तेवढ्यात वीज पडण्याच्या धोक्याचा इशारा देणारा भोंगा झाला आणि नियमाप्रमाणे सगळ्यांना मैदान सोडून छपराखाली यावं लागलं. टिपणीस तिथे आधीच होते. सध्या अनुया त्यांच्याशी जेवणापुरतं बोलते, पण येऊ नकोस असं तिने म्हटलेलं नाही.

फ्रिस्बीची कर्णधार त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली. बेसबॉलचा इतिहास तुम्हीच लिहिलात का, असं तिने विचारलं. टिपणीसांनी हो म्हटलं आणि त्यातल्या एका चुकीबद्दल सांगायला सुरुवात केली. ते सगळं तिला ठाऊक होतं. तिने वाचलाय, ती म्हणाली, आणि वेई मिंगच्या जागी तिला रडू आलं होतं. समिती नव्याने बघणार आहे तेव्हा त्यांच्या क्लबलाही नवा मजकूर द्यायला सांगितलंय. आलेख कुणालाच आवडला नाही. अंकल लिहून देतील का?

विचार करून सांगतो, असं टिपणीस म्हणाले. हे त्यांनी म्हटलं तेव्हा अनुया त्यांच्या मागेच उभी होती. इशारा पावणेआठपर्यंत उठला नव्हता आणि तोवर छपराखालून कुणालाच हलता येत नव्हतं.